अक्कलदाढेवरची हिरडी सुजली आहे, उरलेली अँटिबायोटिक्स घेऊ का?

खालची उजवी अक्कलदाढ अर्धीच वर आली आहे, तिच्यावरची हिरडी सुजली आहे, तोंड जेमतेम दोन बोटं उघडतंय आणि घरात मागच्या वेळच्या गोळ्या उरल्या आहेत, असं तुम्ही लिहिलंय. त्या गोळ्या घेऊ नका. जमलं तर आजच, नाहीतर उद्या दंतवैद्याकडे जा. तोंड उघडेनासं झालं म्हणजे सूज चावायच्या स्नायूंपर्यंत पोचली आहे, त्यामुळे वाट बघण्यात अर्थ नाही.

मी डॉक्टर नाही, पण याच दुखण्यातून दीड वर्षात तीनदा गेले आहे. पहिल्या दोन्ही वेळा गोळ्या घेतल्या, ठणका थांबला आणि मी विषय सोडून दिला. तिथेच चुकलं.

ही दाढ साधारण १७ ते २५ या वयात येते. मागे जागा अपुरी असली की ती अर्ध्यावर अडकते आणि तिच्या माथ्यावर हिरडीचा एक पदर राहून जातो. त्या पदराखाली खिसा तयार होतो. त्यात अन्न शिरतं, ब्रश पोचत नाही, आणि जंतूंचं फावतं. हिरडी सुजून वर आली की चावताना वरची दाढ तिच्यावरच आपटते आणि सूज आणखी वाढते. आरशासमोर टॉर्च धरून बघा. हिरडीवर वरच्या दाढेच्या टोकांचे पांढरट ठसे दिसले तर हेच चाललंय. दंतवैद्याला आवर्जून सांगा. कधी कधी वरची दाढ थोडी घासली किंवा काढली तरी बराच आराम पडतो.

तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी बोथट, वाकवलेली सुई त्या पदराखाली घालून सलाइनने खिसा धुतला. आधी पिवळसर पाणी आलं, मग कधीचा कोण जाणे, एक कुजका कण. वास मलाच सहन होईना. पण त्या रात्री चार दिवसांनी पहिल्यांदा सलग झोप लागली. गोळी रक्तातून येते, खिशातली घाण तिथेच राहते, हे तेव्हा कळलं. ताप असेल, सूज पसरत असेल किंवा तुमच्यासारखं तोंड उघडत नसेल तर अँटिबायोटिक लागू शकतं, पण सफाईच्या जोडीला. आणि कुठलं, किती दिवस, हे तपासणारा ठरवेल. मेट्रोनिडॅझोल दिलं तर दारू पूर्ण बंद.

तोवर ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून प्रत्येक खाण्यानंतर चूळ भरा. मान त्या बाजूला कलती ठेवून पाणी अर्धा मिनिट तिथेच राहू द्या. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश काही दिवस चालेल, पण दात घासल्यावर अर्ध्या तासाने. फार दिवस वापरला तर दातांवर तपकिरी डाग पडतात. दुखतं म्हणून घासणं सोडू नका. लहान मुलांचा मऊ ब्रश घ्या आणि तोंड अर्धवट मिटा, गाल सैल पडतो आणि ब्रश मागे जातो. ही युक्ती मला कुणी आधी सांगायला हवी होती. दुखण्यावर पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन चालतं. अल्सर, किडनीचा त्रास, दमा किंवा गरोदरपण असेल तर आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय नको. गोळी कुटून हिरडीवर लावू नका, अ‍ॅस्पिरिनने तिथली त्वचा भाजते. गालावर गरम शेक नको, आणि सुईने टोचून पू काढायचा प्रयत्न तर अजिबात नको.

गिळता येईना, जबड्याखाली किंवा गळ्याकडे सूज उतरली, आवाज बदलला, श्वास अडकू लागला, तर दंतवैद्याची वेळ घेत बसू नका. थेट हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा, रात्र असली तरी.

आता हिरडी कापायची की दाढ काढायची? आधी ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे. दाढ सरळ असेल आणि जागा असेल तर वरचा पदर कापून भागतं, पण तो पुन्हा वाढू शकतो. पुढच्या दाढेवर आडवी टेकली असेल तर हिरडी कापून उपयोग नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २००० सालच्या सूचनांनुसार, पहिलाच त्रास फार तीव्र नसेल तर तेवढ्यावरून दाढ काढू नये. दुसऱ्यांदा झाला तर काढणं योग्य. तुमचा हा दुसरा असेल तर हे डॉक्टरांशी नीट बोला. मी तिसऱ्यापर्यंत थांबले आणि तेवढ्यात पुढची चांगली दाढ मागच्या बाजूने किडली. तिच्यात सिमेंट भरावं लागलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

दाढ बहुधा सूज उतरल्यावर काढतात. मुळं जबड्यातल्या नसेच्या किती जवळ आहेत, हे एक्स-रेवर दाखवायला सांगा. नस दुखावली तर ओठ आणि हनुवटी बधिर राहू शकते. काढल्यावर काही दिवस स्ट्रॉ आणि सिगारेट नको. आणि उतरत आलेलं दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलट वाढून कानापर्यंत गेलं, तर जखमेतली गुठळी निघाली असण्याची शक्यता असते. तेव्हा सहन करत बसू नका, त्याच डॉक्टरांकडे परत जा. जखम धुऊन औषध भरलं की त्याच दिवशी बरं वाटायला लागतं.