जालन्याजवळच्या गावात राहून बी.एस्सी.चा फील्ड प्रोजेक्ट करता येईल का? विषय कोणता घ्यावा?

हो, करता येईल, आणि विषयासाठी गाव सोडायची गरज नाही. विहिरींची पाणीपातळी घ्या. मी असे अहवाल तपासतो, त्यावरून सांगतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतरच्या पदवी आराखड्यात क्षेत्रकार्याच्या एका क्रेडिटला सत्राचे ३० तास धरतात, म्हणजे दोन क्रेडिटला ६०. तेवढ्यात आठ-दहा विहिरी सहज होतात. दर आठवड्याला ठरलेल्या वारी, सकाळी मोटार सुरू व्हायच्या आधी, वजन बांधलेला टेप सोडा. कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर घ्या आणि त्यातून कठड्याची उंची वजा करा (ही वजाबाकी निम्मी पोरं विसरतात, मग पाणी उगाच खोल गेलेलं दिसतं). त्या आकड्याशेजारी आपल्या महसूल मंडळाचा पाऊस लिहा. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा. पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठतं, म्हणून एकाच शिवारातल्या दोन विहिरींची पातळी जुळत नाही. ती का जुळत नाही, यावरच अहवालाचं खरं प्रकरण लिहा. नेटवरून उतरवलेला अहवाल तोंडी परीक्षेत दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो. चिखलाचे डाग पडलेली नोंदवही पडत नाही.

फक्त एका सत्राच्या नोंदींवरून ‘भूजल घटतंय’ असं लिहू नका. त्याला अनेक वर्षांचे आकडे लागतात, ते भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींचे मागून पाहा.