टोयोटा ८६ ला पहिल्यांदाच सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा, बेल्टवर फिरणारा पंप) बसवताय?

किटचं खोकं फोडण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजा. चारही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे नसतील तर तिथेच थांबा. दमलेलं इंजिन बूस्टने (सुपरचार्जरच्या जादा हवेच्या दाबाने) बरं होत नाही. या इंजिनाचं कॉम्प्रेशन मुळातच १२.५:१, म्हणजे बरंच जास्त, म्हणून पेट्रोल जास्त ऑक्टेनचंच.

नवशिके हमखास इथे चुकतात:

- जुनेच प्लग ठेवतात. एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) प्लग घ्या, गॅप (टोकांमधली फट) किटच्या पुस्तिकेप्रमाणे कमी करा. नाहीतर बूस्टमध्ये ठिणगी विझते.
- ट्यून (इंजिनाच्या संगणकातली नवी सेटिंग) न चढवताच 'जरा एक चक्कर' मारतात. मिश्रण लीन झालं (हवा जास्त, पेट्रोल कमी) की नॉक, म्हणजे मिश्रण भलत्या वेळी पेटणं, आणि पिस्टनचा निकाल!

पुल्या एका रेषेत आहेत का, हे सरळ पट्टी टेकवून बघा. फट दिसली तर बेल्टच्या कडा कुरतडल्या जाणार, काळी भुकटी पडणार. पुली लहान करून बूस्ट वाढवायचा मोह सध्या आवरा. पहिल्या फेरीनंतर इंजिन गार झालं की सगळे क्लॅम्प पुन्हा आवळा.