त्या दिवशी माहीत काय होते?

अनेक आशीर्वाद.

तू मांडलेल्या अर्जावर जामिनावर सुटलेल्या पक्षकारावर जबर मारहाणीचा दुसरा गुन्हा नोंदवला गेला आणि तेव्हापासून वकिलांच्या बार रूममध्ये बसणेही तुला नकोसे झाले आहे, हे पत्रातून कळले. मारहाणीचा दोष मारणाऱ्याचाच. बाकीच्यांची जबाबदारी एकाच गोष्टीवरून ठरते: निर्णयाच्या दिवशी कोणाला काय माहीत होते आणि त्याने ते न्यायाधीशांपुढे ठेवले की नाही.

म्हणून सरकार पक्षाचा जुना 'से', म्हणजे तुझ्या जामीन अर्जावरचे त्यांचे लेखी म्हणणे, काढून वाच. पूर्वेतिहास 'निरंक' असे त्यात लिहिल्याचे तूच कळवले आहेस. आधीच्या गुन्ह्याची नोंद असूनही तपासी अंमलदारांनी तसे लिहिले असेल, तर तो वाटा त्यांचा. तुला ठाऊक असून तू अर्जात ते दडवले असतेस, तर तो तुझा असता आणि हे पत्र मी फार कठोर लिहिले असते. सातबारा जोडून जामीन राहिलेल्या पक्षकाराच्या म्हाताऱ्या मामांनी मुख्यतः तारखेच्या हजेरीची हमी दिली होती. त्यांना गुन्ह्याचे भागीदार ठरवणे अन्यायाचे आहे. त्या दिवशी माहीत काय होते, एवढेच विचार.

यापुढे जामिनाची कामे घ्यावीत का, हा प्रश्न मात्र मला मुळीच आवडला नाही. १९७७ मध्ये बालचंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तुरुंगापेक्षा जामीन हा मूळ नियम सांगितला, आणि त्याच वाक्यात पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता हा अपवादही नोंदवला. लोक आपल्या सोयीचे अर्धेच वाक्य सांगतात. आपल्या शहराच्या पूर्व भागातला एक यंत्रमाग कामगार जामिनाचा आदेश होऊनही ऐपतदार जामीनदार मिळेना म्हणून आतच राहिला आणि पुढे निर्दोष सुटला. तोवर त्याचे काम, भाड्याची खोली आणि मुलाची शाळा सुटली होती. त्याची जबाबदारी कोणाची, हे कोणी विचारले नाही. ती सल मला आजही आहे, आणि म्हणूनच मी या वयातही जामिनाचे अर्ज चालवतो. हे कोणाला स्वतःचे समर्थन वाटले तरी चालेल.

आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८३(३) खाली जामीन रद्द करण्याचा अर्ज येईल. जखमीच्या घरच्यांचा संताप रास्त आहे, आणि जामिनावर असताना केलेला गुन्हा हे रद्दीचे सबळ कारण ठरू शकते. तरीही पक्षकाराची बाजू मांडणे तुझे काम आहे. नवा गुन्हा पहिल्याच परिच्छेदात नमूद कर, आणि खुलाशाचा मसुदा मंगळवारी मला दाखव.