घराच्या डाउन पेमेंटसाठी वडिलांनी २० लाख दिले, तर कर कोणाला लागतो?

आपला प्रश्न असा आहे की, पुण्यात ८० लाखांचा फ्लॅट ठरला आहे, बँक ६० लाखांचे कर्ज देते आहे आणि उरलेले २० लाख निवृत्त वडील देणार आहेत. तर त्यावर आपल्याला आयकर लागेल का, आणि मुद्रांक शुल्कातील १ टक्का वाचवण्यासाठी घर पत्नीच्या नावावर घ्यावे का? पहिल्या भागाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मी करसल्ल्याचे काम करतो. मुले बहुधा स्वतःच्या कराची काळजी करतात, प्रत्यक्षात कर निघालाच तर तो वडिलांच्या बाजूला निघतो.

आयकर कायद्याच्या कलम ५६ नुसार नातेवाइकाकडून बक्षीस मिळालेली रक्कम, ती कितीही मोठी असो, करपात्र नाही. वर्षाला ५० हजारांची जी मर्यादा सांगितली जाते ती परक्यांसाठी आहे. आई-वडील, आजी-आजोबा, सख्खी भावंडे, काका, मामा, आत्या, मावशी आणि सासू-सासरे नातेवाइकांत मोडतात. चुलत किंवा मामेभाऊ मात्र मोडत नाहीत, त्यामुळे चुलत भावाने ३ लाख ‘परत नकोत’ म्हणून दिले, तर ते सगळे आपले उत्पन्न ठरते. देणाऱ्यावरचा बक्षीसकर १ ऑक्टोबर १९९८ पासून बंद आहे. (कलमांचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातील आहेत, १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात ते बदलले आहेत.)

आता वडील पैसे कोठून उभे करणार, ते पाहा. मुदत ठेव मोडली, तर मुद्दलावर कर नाही, व्याज त्यांच्या उत्पन्नात धरले जाते. वर्षाहून जुने शेअर किंवा इक्विटी फंड विकले, तर १.२५ लाखांवरील नफ्यावर त्यांना १२.५ टक्के कर पडतो. खरी अडचण गावाकडचे जुने घर किंवा प्लॉट विकून पैसे देण्यात आहे. नव्या घरात रक्कम गुंतवल्यास भांडवली नफ्यावर सूट मिळते, हे सर्वांना ठाऊक असते, पण ते घर विकणाऱ्याने स्वतः घ्यायचे असते. मुलाच्या नावावर घेतलेल्या घरासाठी ही सूट मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २००८ मध्ये नाकारली आहे. इतर काही उच्च न्यायालयांनी कुटुंबीयांच्या नावाबाबत सैल भूमिका घेतली असली, तरी महाराष्ट्रात त्या भरवशावर राहू नये. अशा वेळी करारनाम्यात वडिलांना त्यांच्या वाट्यासह सहखरेदीदार करणे श्रेयस्कर. किंमत ५० लाखांच्या वर असल्याने १ टक्का टीडीएस (विक्रेत्याला पैसे देतानाच खरेदीदाराने कापून सरकारकडे भरायचा कर) कापावा लागतो, आणि तो मग प्रत्येक खरेदीदाराच्या पॅनवर स्वतंत्र भरावा लागेल.

पत्नीच्या नावाबद्दल. फक्त महिला खरेदीदार असेल, तर मुद्रांक शुल्कात १ टक्का, म्हणजे आपल्या व्यवहारात सुमारे ८० हजार रुपये वाचतात, हे खरे. परंतु सासऱ्यांनी सुनेला मोबदला न घेता दिलेल्या पैशांतून जे उत्पन्न होते, ते कलम ६४ नुसार सासऱ्यांच्या उत्पन्नात मिळवले जाते. वडिलांनी आपल्याला द्यावे व आपण पत्नीला द्यावे असे केले, तर ते आपल्या उत्पन्नात येते. घरात स्वतः राहात असाल तोवर याची झळ लागणार नाही. घर भाड्याने दिले किंवा विकले की लागेल. सज्ञान मुलाला दिलेल्या पैशांना मात्र हा नियम नाही.

रोख रक्कम पूर्णपणे टाळा. एका व्यक्तीकडून एका दिवसात, एका व्यवहारात किंवा एका प्रसंगानिमित्त २ लाख वा अधिक रोख घेतल्यास कलम २६९एसटी लागते, तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्याला होऊ शकतो आणि देणारे वडील आहेत म्हणून सवलत नाही. कारण एकच असल्याने रोज १ लाख ९० हजार घेण्याची युक्तीही चालत नाही.

काही जण हे पैसे वडिलांकडून कर्ज म्हणून दाखवतात. ते गैर नाही, आणि जुन्या करप्रणालीत वडिलांना दिलेल्या व्याजाची वजावटही कलम २४ खाली मिळते. मुद्दलाची ८०सी खाली मिळत नाही, आणि ते व्याज वडिलांचे करपात्र उत्पन्न होते. नव्या प्रणालीत राहत्या घरासाठी यातले काहीच नाही. शिवाय बँक अनेकदा ‘ही रक्कम परत करायची नाही’ असे वडिलांकडून लिहून घेते. बँकेला बक्षीस आणि आयकर खात्याला कर्ज, अशी दोन तोंडे ठेवू नयेत.

पैशांच्या बक्षीसपत्राला नोंदणी सक्तीची नाही. एका कागदावर दोघांची नावे, पॅन, नाते, रक्कम, आरटीजीएसचा क्रमांक, तारीख आणि ‘प्रेमापोटी बक्षीस, परतफेडीची अपेक्षा नाही’ एवढे लिहून दोघांनी सह्या कराव्यात. त्याला वडिलांच्या पासबुकातील ठेव मोडल्याचे पान जोडावे, कारण उद्या विचारणा झालीच तर नात्यापेक्षा पैशांचा उगम आधी विचारला जातो. वडील रक्कम थेट बिल्डरच्या खात्यात भरणार असतील, तर ती आपल्या वतीने भरली, हे वाक्य त्याच कागदावर यायला हवे.