नवी गाडी घेतलीत? पेट्रोल आणि ॲव्हरेजचं एवढं बघा

आधी टाकीच्या झाकणामागचा स्टिकर आणि मॅन्युअल वाचा. साधं पेट्रोल चालत असेल तर महागडं भरून उगाच खिसा हलका करू नका. महागड्या पेट्रोलचं जास्त ऑक्टेन म्हणजे नॉकिंग (इंजिनात इंधन अवेळी पेटून होणारी खटखट) रोखण्याची जास्त क्षमता, जास्त ताकद नव्हे. घेतलेली गाडी सेकंडहँड, जुनी असेल तर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) चालतं का, तेही मॅन्युअलमध्येच पाहा. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं घटणारच.

मोजायचं कसं?

- नोझल आपोआप बंद झाला की थांबा, ट्रिप मीटर शून्यावर आणा.
- पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तसंच भरा. ४३४ किमीला २८ लिटर लागले, तर ॲव्हरेज लिटरला १५.५ किमी.

नवशिके हमखास चुकतात ते इथे: पाचशेचं पेट्रोल भरून काट्यावरून अंदाज बांधतात, किंवा आकडा गोल करायला नोझल बंद झाल्यावरही ओतू देतात. मग हिशेबच बिघडतो. एका टाकीवरून निष्कर्षही नको. चोर्ला घाट चढून आलेली गाडी आणि पणजीच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून रांगणारी गाडी, दोन्हींचे आकडे वेगळेच येणार. तीन-चार टाक्यांचे एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर करा.

तरी कमी वाटलं तर आधी टायर थंड असताना हवा तपासा.