कमाईच्या चॅनेलसाठी संपादनाचे सॉफ्टवेअर

प्रश्न : सावजी आणि वऱ्हाडी पाककृतींच्या माझ्या यूट्यूब चॅनेलला आता जाहिरातींचे उत्पन्न मिळू लागले आहे. चित्रीकरण मोबाईलवर होते आणि लॅपटॉपची रॅम ८ जीबी आहे. मोफत सॉफ्टवेअर वापरल्यास परवान्याची अडचण येईल का? कोणते निवडावे?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : शॉटकट आणि केडेनलाइव्ह ही मुक्तस्रोत (ओपन सोर्स, म्हणजे मूळ कोड सर्वांसाठी खुला असलेली) सॉफ्टवेअर असून त्यांवर तयार केलेल्या व्हिडिओतून कमाई करण्यास कोणतीही आडकाठी नाही. डाव्हिंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्तीही व्यावसायिक कामासाठी चालते, तिच्यात वॉटरमार्क येत नाही आणि रंगसुधारणेत ती सरस आहे; मात्र ८ जीबी रॅमवर ती रडतखडत चालेल. म्हणून तूर्त शॉटकट घ्यावे आणि त्यातील प्रॉक्सीची सोय वापरावी, म्हणजे संपादन हलक्या प्रतीवर होते आणि अंतिम व्हिडिओ मूळ दर्जाचाच निघतो. मोबाईलच्या चित्रीकरणाचा फ्रेम रेट (दर सेकंदाला टिपल्या जाणाऱ्या चित्रांची संख्या) बदलता असल्याने पुढे आवाज आणि ओठ यांचा मेळ तुटू शकतो. शॉटकट अशी फाइल ओळखून रूपांतराचा पर्याय देते, तो स्वीकारावा.

खरी जोखीम संगीताची आहे. सॉफ्टवेअरसोबत मिळणारे प्रत्येक गाणे व्यावसायिक वापरासाठी खुले असतेच असे नाही आणि कॉपीराइटचा दावा लागल्यास त्या व्हिडिओचे उत्पन्न हक्कधारकाकडे जाऊ शकते. त्यापेक्षा यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतील संगीत बरे. त्यातही काहींना श्रेय देणे बंधनकारक असते. (मे महिन्यातील नागपुरी दुपारी एक्स्पोर्ट, म्हणजे अंतिम व्हिडिओ तयार करण्याचे काम, लावू नये, तापलेला प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो.)