गोळी बंद करावी का?

प्रश्न : सासूबाईंना अल्झायमर आहे. दोन महिन्यांपासून रात्री डोनेपेझिल देतो. पण स्मरणशक्ती सुधारलेली नाही, उलट भयंकर स्वप्नांनी दचकून उठतात आणि चादरीचे टोक मुठीत घट्ट धरून बसून राहतात. गोळी बंद करावी का?

उत्तर : डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. हे औषध मेंदूतील अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन टिकवून धरते. त्यामुळे काहींची लक्षणे काही काळ आटोक्यात राहतात, मात्र आजाराची वाटचाल थांबत नाही. म्हणूनच त्या स्वतःच्या हाताने जेवत असतील, घरच्यांना ओळखत असतील, तर तोही गुणच समजावा, असे मला मनापासून वाटते. स्वप्ने हा ज्ञात दुष्परिणाम आहे. गोळी सकाळी देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. चक्कर, मंद नाडी किंवा घटणारे वजन दिसल्यास मात्र त्यांना लगेच कळवा.

झोपेच्या किंवा शांत करणाऱ्या गोळ्यांची घाई नको. अचानक वाढलेल्या अस्वस्थतेमागे अनेकदा मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता किंवा सांगता न येणारी वेदना असते, आणि शांत करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या मनोविकारविरोधी औषधांनी अल्झायमरच्या रुग्णांत पक्षाघाताचा व मृत्यूचा धोका वाढतो.